डाव्या हाताचा काठ

१

कुंभकोणात राहून लोकरीची शाल विणणाऱ्या बाईचं डोकं ठिकाणावर नसणार, असं आमच्या खालच्या मजल्यावरच्या गुरुमूर्तींचं मत आहे. ते त्यांनी मला जिन्यात ऐकवलं, लिफ्टमध्ये ऐकवलं आणि एकदा भाजीच्या गाडीपाशी चार बायकांच्या देखत ऐकवलं. "इथे पंखा बंद पडला की माणसं देवाचा धावा करतात, आणि तुम्ही मांडीवर लोकर घेऊन बसता. उद्या विहिरीत उतरताना छत्री न्याल!" मी म्हटलं, "तुमच्यासाठी नाही विणत, घाबरू नका." अख्ख्या इमारतीत माझ्याशी रोज दोन शब्द बोलणारा हा एकच माणूस, त्यामुळे त्यांचे टोमणेही मला गोड लागतात.

शाल विद्यासाठी होती. श्रीविद्या, माझी मुलगी. ती नवऱ्याबरोबर स्कॉटलंडमध्ये अ‍ॅबर्डीनला असते. तिकडे हिवाळ्यात दुपारच्या चहालाच दिवे लावतात म्हणे. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी तिला दिवस गेले, तेव्हा मी मनात मांडे खाऊन घेतले. आता ती म्हणेल, आई, ये. पासपोर्ट कुठल्या कपाटात आहे तेही पाहून ठेवलं. ती आमच्या तंजावरी मराठीत म्हणाली, "आई, तू येऊं नको. ही थंडी तुज सोसायची नाही. एक शाल विणून पाठव, म्हणजे तूच आल्यासारखं होईल."

शाल म्हणजे मी नव्हे, हे तिला कोण सांगणार? तरी लोकर मागवली. विद्या सोडून मला जगात कुणी नाही. तिला माझी आठवण राहणार असेल तर मी लोकरच काय, काथ्यासुद्धा विणला असता.

रंग दोन घेतले. एक अरक्कू, म्हणजे लाखेचा गडद तांबडा, आणि दुसरा चंदनी. तिरुभुवनमच्या एका रेशीम सोसायटीत साड्यांचे काठ चौकटीच्या कागदावर काढण्यात माझी सारी नोकरी सरली, तेव्हा रंगांच्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. मधला भाग दोन रंगांच्या पट्ट्यांचा आणि दोन्ही टोकांना चंदनी रंगाचा जाळीदार काठ, त्यात पानं. विणायला शिकले फोनवर व्हिडिओ बघून.

रोजचा क्रम ठरलेला. जेवण, आवराआवर, मग झोपाळा. जुनं घर पाडून ही इमारत उभी राहिली तेव्हा तिथून आम्ही आणली ती एवढी एकच वस्तू, झोपाळ्याची सागवानी फळी. तिच्यावर बसून मी डुलकी येईपर्यंत विणते. ओळ अर्धी टाकून कधी उठत नाही. दाराची घंटा वाजली तरी माणूस थांबेल, टाका थांबत नाही. ओळ संपली की सुयांच्या टोकांना रबर लावायचं, सगळं मुरुक्कूच्या, म्हणजे चकलीच्या, जुन्या डब्यात घालायचं, वर झाकण, आणि मी आतल्या खोलीत आडवी. तिथल्या ट्यूबलाइटमागे एक पाल आहे. ती चुकचुकली की मी पलंगाच्या कडेवर बोट वाजवून 'कृष्ण कृष्ण' म्हणते. दिवसभरातलं घरातलं बोलणं ते तेवढंच.

२

पट्ट्या संपून पहिला काठ सुरू झाला होता. एके दुपारी डबा उघडला, तर ओळ अर्धी विणलेली.

मी चष्मा पुसला. परत पाहिलं. अर्धी ओळ विणून सुई मध्येच थांबली होती, आणि रबरं नीट लावलेली होती. आदल्या दिवशी ओळ पुरी केल्याशिवाय मी उठले असेन हे शक्यच नव्हतं. पण साठी बुद्धी नाठी म्हणतात, ते काही उगाच नाही. परवाच मी कॉफीत मीठ घातलं होतं आणि अर्धा पेला पिऊनही टाकला होता. दुधाची पिशवी आली असेल, उठले असेन, विसरले असेन.

ओळ पुढे विणायला घेतली आणि हात अडला. आपण विणतो तेव्हा भरलेली सुई डाव्या हातात असते आणि टाके एकेक करून उजवीकडच्या सुईवर जातात. ही अर्धी ओळ दुसऱ्याच टोकाकडून सुरू झालेली होती. पुढे न्यायची तर मला भरलेली सुई उजव्या हातात धरून डाव्या हातानं विणावं लागलं असतं.

मला डाव्या हातानं साधं बटणही लावता येत नाही. मी ती अर्धी ओळ उसवली, पुन्हा माझ्या बाजूनं विणली आणि त्या दिवशी जरा घाईनंच डबा बंद केला.

३

दुसऱ्या दिवशी ओळी पुऱ्या होत्या. मला हायसं वाटलं. एवढ्याशा गोष्टीनं हायसं वाटायलासुद्धा माणूस एकटा राहत असावा लागतो.

पण मला काठ वाचायची सवय आहे. साडीचा पदर लांबून दिसला तरी कुठल्या हातानं काढलेला आहे ते मी सांगू शकते. जाळीतलं पान काढताना दोन टाके एकत्र विणतात आणि ते एका बाजूला कलतात. माझी पानं उजवीकडे कलली होती. त्यांच्यावरची पानं, जी मी विणल्याचं मला आठवत नव्हतं, ती डावीकडे कलली होती. एकीकडून वारा यावा आणि मधेच त्यानं दिशा बदलावी तसा तो काठ दिसत होता. आणि खोटं कशाला बोलू, ते काम माझ्यापेक्षा सफाईचं होतं.

मी उसवलं. त्यानंतरच्या दुपारी तीच पानं पुन्हा होती. मी पुन्हा उसवलं. मग मी डब्याभोवती परकराची जुनी नाडी बांधली, गाठ मारली, आणि आतल्या खोलीत जाऊन पडले. झोपायचं नाही असं ठरवून.

आमच्या गल्लीत दुपारी कावळासुद्धा बोलत नाही. गुरुमूर्तींचा टीव्ही बंद होतो, शेजारचा कुकर कधीच निवलेला असतो. त्या शांततेत झोपाळ्याची कडी कुरकुरली. मग थांबून, टिक. टिक. टिक. माझ्या सुया स्टीलच्या आहेत. विणताना स्वतःला तो आवाज येत नाही. तो ऐकायला दुसऱ्या खोलीत असावं लागतं.

पंख्याचा वारा झोपाळ्याला लागतो, हे मला ठाऊक आहे. डब्याच्या पत्र्याला ऊन लागलं की तो टिकटिकतो, हेही मी स्वतःला सांगितलं. मग लक्षात आलं की झोपाळ्यापाशी दुपारी ऊन येतच नाही. मी उठले, मुद्दाम पाय वाजवत बाहेर गेले. पंखा फिरत होता. झोपाळा किंचित हलत होता, कुणी नुकतंच उतरून गेल्यावर हलतो तितकाच. डब्यावर नाडी होती, गाठही होती. मी गाठ उजवीकडे ओढून मारते. ही डावीकडे ओढलेली होती.

मला रडू आलं, भीतीनं आलं. कुणाला हाक मारावी तर नाव सुचेना. गुरुमूर्तींना काय सांगणार, माझं काम कुणीतरी करून ठेवतंय म्हणून?

४

विद्याचा व्हिडिओ कॉल दुपारीच येतो. तिची तेव्हा सकाळ असते, नवरा रघुराम कामावर गेलेला असतो. त्या दिवशी ती दोन स्वेटर घालून बसली होती आणि दोन्ही हातांत पेला धरला होता.

"आई, मज सारखं हिंव वाजतं," ती म्हणाली. "हीटर आहे, सगळं आहे. तरी आंतून वाजतं. शाल झाली काय?"

"एक काठ राहिलाय."

"लौकर पाठव की. तै महिन्यात, पोंगलच्या सुमारास मज दवाखान्यात जायचं. त्याच्या आधी पायजे."

तेव्हा मी विचारूनच टाकलं. "विद्या, मीच येऊं का गं?"

तिनं नजर पेल्यात घातली. तेवढ्यातच मला उत्तर कळलं. "नक्को आई. तुज कशाला त्रास? शाल पुरे." आणि तिनं पेला तोंडाला लावला. डाव्या हातानं. ती लहानपणापासून डावरी आहे. चमचा, पेन्सिल, कात्री, सगळं डाव्या हातानं. मी त्या हाताकडे बघत राहिले.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. विद्या माझ्या पोटची नाही. माझे यजमान जानकीराम यांची पहिली बायको त्रिपुरसुंदरी, तिची ती मुलगी. सुंदरीअक्का दुसऱ्या बाळंतपणात गेली, बाळही गेलं. विद्या तेव्हा नुकती चालायला लागली होती. वर्षभरानं मी त्या घरात आले आणि विद्यानं पहिल्याच दिवशी मला आई म्हटलं. त्या एका हाकेवर मी जन्म काढला.

आमच्यात दुसरेपणावर दिलेल्या बाईच्या गळ्यात मंगळसूत्राबरोबर सवतीची पुतळी बांधतात. नखाएवढी सोन्याची बाई, हात जोडलेली. नवी साडी आली की ती आधी पुतळीला द्यायची. पाण्यातून काढून वाळवायची, पाटावर ठेवायची, वर पुतळी, कुंकू, फूल. मग दार ओढून घ्यायचं आणि साडी नेसायला लागेल इतका वेळ बाहेर थांबायचं. त्यानंतर दारातून विचारायचं, "अक्का, नेसून झालं काय? आतां मज द्या." पाल चुकचुकेल, फूल घरंगळेल, काहीतरी होतं. मगच दार उघडून साडी उचलायची. होकार आल्याशिवाय उचलायची नाही, कारण तोवर ती तिची असते.

लोक याला जाच म्हणतील. मला तो कधी तसा वाटला नाही. ज्या घरात सगळे तिच्याबद्दल गप्प होते, तिथे मी एकटीच तिच्याशी बोलत होते. यजमान गेले तेव्हा मंगळसूत्राबरोबर पुतळीही गळ्यातून उतरली आणि कुंकवाच्या करंड्यात जाऊन पडली. त्यानंतर मी स्वतःला नवीन असं काही घेतलंच नाही.

५

तंजावरला माझी नणंद असते, श्रीदेवी. वन्संना सगळं आठवतं, फक्त औषध घेतलं की नाही ते सोडून. मी इकडचं तिकडचं बोलून हळूच विचारलं, "वन्सं, सुंदरीअक्का डावरी होती काय हो?"

"होतीच की! आमच्या अम्मांनी, तुझ्या सासूबाईंनी, तीस हातावर मारमारून जेवण तेवढं उजव्या हातीं करविलं. बाकी सगळं डाव्यानं. विद्येस काय आकाशांतून आलं? अन् विणायची किती छान! शेवटीं शेवटीं त्याच झोपाळ्यावर बसून टोपरं विणायची, पोटांतल्या लेकरास. अर्धं राहिलं ते."

मी झोपाळ्याकडे पाहिलं.

"बिचारी," वन्सं आपल्या नादात बोलत होत्या. "चित्रैचं, भर उन्हाळ्याचं ऊन, आम्ही घामानं भिजलेलों, आणि ती म्हणायची, मज हिंव वाजतं, कांहीतरी ऊबेचं पांघरायला द्या. अम्मा हसायच्या. कुंभकोणात कंबळ कोठून आणूं म्हणायच्या. कोणी दिलं नाही गं. तशीच गेली." मग त्यांचा आवाज बदलला. "रंजनी, कां विचारितेस? घरीं नवं कांही आणलंस?"

"एक शाल विणत्ये. लोकरीची."

"तीस दिलीस?"

"वन्सं, लोकर ती. लोकर मुळातच सोवळी, ती कुठे पाण्यातून काढायची असते? आणि मला थोडीच पांघरायची आहे? विद्यासाठी आहे."



"तिच्या लेकीस पाठवितेस," वन्सं म्हणाल्या, "आणि तीसच विचारलं नाहीस?"

६

दुसरा काठ एका कोपऱ्यापर्यंत आला होता. मी उसवणं सोडून दिलं होतं. डावीकडे कललेली पानं तशीच राहू दिली आणि त्यांच्या शेजारी माझी विणत गेले. शेवटचा कोपरा मात्र माझ्याच्यानं होईना. सुई हातात घेतली की बोटं गार पडायची.

मार्गळी, आमचा मार्गशीर्ष-पौषाचा महिना, लागली होती. सकाळी देवळाच्या कर्ण्यावर गाणी, दारोदार मोठ्या रांगोळ्या. एका दुपारी मी करंड्यातून पुतळी काढली. आतल्या खोलीत पाट मांडला, त्यावर शाल, सुयांसकट, कोपरा अर्धा तसाच. वर पुतळी, कुंकवाचं बोट, मोगरा. विधवेनं कुंकवाला हात लावू नये म्हणतात. घरात दुसरं कोण होतं?

"सुंदरीअक्का," मी म्हटलं, "चूक झाली. तुम्ही आधी पांघरा." आणि दार ओढून घेतलं.

मी झोपाळ्यावर बसले. झोपाळा हलू नये म्हणून पाय जमिनीला टेकवून ठेवले, पंखा बंद केला. आत काही वेळ काहीच नव्हतं. मग टिक. टिक. टिक. सावकाश, घाई नसल्यासारखं. नवल म्हणजे मला भीती वाटली नाही. घरात कुणीतरी आहे आणि आपलं काम करतंय, असं वाटलं. यजमान गेल्यापासून तसं वाटलं नव्हतं. मी भिंतीला डोकं टेकवून ऐकत राहिले.

आणि दाराची घंटा वाजली.

कुरियरवाला होता. त्याला मी संध्याकाळी बोलावलं होतं. तो नाचियार्कोविलचा, पन्नाशीचा, तोंडाळ माणूस. त्या दिवशी तिथे गरुडाची सेवा होती आणि त्याला मिरवणुकीच्या आधी गाव गाठायचं होतं. "अम्मा, द्यायचं तर आत्ता द्या. पुढे सुट्ट्या लागतात, मग पोंगलनंतर जाईल. बस सुटली तर मला गरुड दिसायचा नाही."

पोंगलनंतर म्हणजे विद्याच्या बाळंतपणानंतर. सारखं हिंव वाजतं म्हणाली होती पोर.

मी आतलं दार उघडलं. विचारलं नाही. 'आतां मज द्या' हे शब्द तोंडातून निघालेच नाहीत. बाहेरचा माणूस घड्याळ बघत होता, आणि मी सरळ जाऊन शाल उचलली.

कोपरा पुरा झाला होता. टाके बंद करून टोक आत ओवून टाकलेलं होतं. सुया पाटावर शेजारी शेजारी ठेवलेल्या होत्या. शाल ऊबदार होती, कुणाच्या अंगावरून नुकतीच काढल्यासारखी. तिथेच मला थांबायला हवं होतं. पण खरं सांगते, माझं मन भरून आलं. पोरीला आईच्या हातचं काही मिळालं नव्हतं, आता मिळेल, असंच मला वाटलं. मी घडी घातली, जाड पिशवीत भरली, पत्ता चिकटवला. तो माणूस पायऱ्या दोन दोन करत उतरला.

परत आत आले. पाट तिथेच होता. मोगरा जागचा हलला नव्हता. पाल ट्यूबलाइटमागे होती, गप्प होती. पुतळी कुठे दिसेना. पाटाखाली पाहिलं, पलंगाखाली झाडलं, करंडा उपडा केला, केरातही हात घातला. मी काय केलंय ते मला हळूहळू कळत गेलं. होकार आलेला नव्हता. ती शाल अजून सुंदरीअक्काची होती, आणि मी ती विद्याकडे रवाना केली होती.

मी धावत गॅलरीत गेले. गल्ली रिकामी होती.

७

त्यानंतर घरात काहीच झालं नाही. उरलेली लोकर मी डब्यात ठेवली, सुया ठेवल्या, नाडी बांधली. गाठ मारली तशीच राहिली. पंखा लावूनसुद्धा झोपाळा जागचा हलत नव्हता. दुपारी पलंगावर पडून मी कान देत असे. शेजारचा कुकर, लांबवर बसचा भोंगा, बस्स.

कुरियरच्या ऑफिसात फोन केला. पुडकं परत मागवता येईल का? पलीकडच्या बाईनं विचारलं, कारण काय? मी फोन ठेवून दिला. विद्याला फोन केला, म्हटलं, शाल आली की आधी मला सांग, उघडू नको. ती हसली. "आई, तुज काय झालंय?"

गुरुमूर्तींनी जिन्यात विचारलं, "काय, गेली का शाल? आता काय विणणार, हत्तीला स्वेटर?" मी कठडा धरून उभी राहिले. ते थोडे ओशाळले. "बरं नाही का तुम्हाला?" म्हणाले. मी म्हटलं, घर फार शांत आहे. ते म्हणाले, अहो, मग चांगलंच आहे की.

८

विद्याचा फोन बरेच दिवस आला नाही. आला तेव्हा तो दुपारीच आला. मी झोपाळ्यावर होते.

तिनं शाल पांघरली होती, पुढे आलेलं पोट झाकून. तिच्यामागे उंच पाठीची खुर्ची, त्यामागे मळकट उजेडाची खिडकी. चेहरा जरा उतरला होता, पण शांत होता. इतका शांत मी तो कधी पाहिला नव्हता.

"उघडू नको म्हटलं होतं ना गं?"

"आई, किती सुंदर विणलीस! अन् हे बघ, कोपऱ्यात काय घातलंस ते." तिनं काठाचा कोपरा फोनपाशी आणला. पानांच्या जाळीत, टाक्यांनी चारी बाजूंनी धरून ठेवलेली, हात जोडलेली सोन्याची नखाएवढी बाई. "मी सोडवायला पाह्यलं. येतच नाही."

"हिंव वाजायचं थांबलं काय?" मी कसंबसं विचारलं.

"काढली की वाजतं. म्हणून काढीतच नाही. रघुराम रागावतो. न्हायला जायचं सुद्धा जिवावर येतं." ती डोळे मिटून हसली. "पण आतां एकटं वाटत नाही, आई. दुपारीं कोणी शेजारीं बसलंय असं वाटतं. झोंप किती छान लागते. तुज यायची मुळींच गरज नाही."

तिच्या डाव्या खांद्यावरून शाल घसरली. ती नीट करायला मागून एक हात आला.

आधी मला वाटलं, रघुराम घरी आहे. मग वाटलं, खुर्चीच्या पाठीवर टाकलेल्या कपड्याची बाही असेल. हातानं काठ उचलून खांद्यावर ठेवला आणि बोटं काठावरून सरकू लागली, एकेका टाक्यावर थांबत. टाके मोजताना मी करते अगदी तसं. फक्त ती दुसऱ्या टोकाकडून मोजत होती.

"विद्या, तुझ्याजवळ कोण आहे?"

"कोणी नाही. रघुराम ऑफिसला गेलाय."

मी फोन दोन्ही हातांनी धरला. "सुंदरीअक्का," मी म्हटलं, "पांघरून झालं काय? आतां मज द्या." पुन्हा म्हटलं. मग रडत म्हटलं, "अक्का, शाल राहूं दे. पोरगी तेवढी मज द्या."

आतल्या खोलीत पाल होती. मी कान टवकारून वाट पाहिली. ती चुकचुकली नाही. तिकडे ती बोटं थांबली, आणि मग खांद्यावर नीट, घट्ट बसली.

विद्या गुंगीत असल्यासारखी हलली. "आई," ती म्हणाली.

"ओ," मी म्हटलं. "ओ, बाळा, इथेच आहे मी."

तिनं डोळे उघडले नाहीत. मान वळवून गाल त्या हातावर टेकवला आणि परत एकदा हाक मारली, अगदी लहानपणी मारायची तशी. ती हाक मला नव्हती.